बीडिंगची बाजू

कामोठे,
२ डिसेंबर २०२४

विश्वजित,

पत्र बघून दचकू नकोस. आम्ही दोघं ठीक आहोत. फोनच केला असता, पण हे सतत जवळ असतात आणि कामाचं बोलणं कानावर पडलं की मध्ये पडतात. मोबाइलवर मराठी लिहिणं मला जमत नाही. दूध आणायला खाली उतरते, तेव्हा हे पेटीत टाकीन. उत्तरही पत्रानेच दे. आमच्या पत्त्यावर नको, तळमजल्यावरच्या शर्मिलाताईंच्या नावाने पाठव. त्यांना सांगून ठेवलं आहे.

काम असं आहे. हॉलची आणि बेडरूमची खिडकी बदलायची. सरकत्या काचा काढून दोन्हीकडे फिक्स काच बसव. उघडणारं काहीच नको. हायवेची धूळ फार येते आणि कबुतरांनी जीव नकोसा केला आहे. वरच्या बाजूला हवेपुरत्या पट्ट्या ठेव, हात जाणार नाही अशा. स्वयंपाकघराला हात लावू नकोस, तिथे पंख्याची जाळी आहे, तेवढी पुरे.

सोसायटीचं रंगकाम निघालं आहे. परांची आमच्या सातव्या मजल्यापर्यंत बांधून झाली. तुला बाहेरून उभं राहायची सोय होईल. ती उतरायच्या आत काम झालं तर बरं.

माप घ्यायला येशील तेव्हा यांना एवढंच सांग की सोसायटीनेच सगळ्यांना खिडक्या बदलायला सांगितल्या आहेत. बाकी काही बोलू नकोस.

जेवूनच जा.

अरुणाकाकू


रबाळे,
१० डिसेंबर २०२४

काकू, नमस्कार.

रविवारी मी माप घेऊन गेलो. तिथे काकांसमोर बोलता आलं नाही म्हणून लिहितो. आधी कच्चं लिहिलं, मग या कागदावर उतरवलं, त्यात दोन दिवस गेले. राग मानू नका.

काकांना बघून खूप बरं वाटलं. कारखान्यात लोक म्हणतात, मिस्त्री घरी बसल्यापासून गप्प झाले. मला तर ते अगदी पूर्वीसारखेच वाटले. मी टेप लावतोय तोच म्हणाले, "वर, मध्ये, खाली, तिन्हीकडे घे. भिंत काय तुझ्या बापाने बांधली आहे सरळ असायला?" तुम्ही आत पोळ्या करत होतात, तुम्हाला ऐकू आलं असेल. मी तिन्हीकडे घेतलं आणि खरंच फरक निघाला. सध्या साइट कुठली, असं त्यांनी विचारलं. मी सानपाडा सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, जेवताना परत विचारलं. कामावर जायची ओढ अजून गेली नाही त्यांची.

पण काकू, सगळं फिक्स करायचं हे माझ्या मनाला पटत नाही. मी दहावीनंतर शाळा सोडून तुमच्याकडे राहायला आलो, तेव्हा काकांनी मला पहिली गोष्ट हीच शिकवली की गिऱ्हाईक नको म्हणालं तरी खोलीच्या खिडकीला एक तरी उघडणारं शटर द्यायचं. खोली म्हणजे डबा नव्हे. आता त्यांच्याच घरात मी डबा करून ठेवायचा, हे बरोबर वाटत नाही. धुळीसाठी रबराची पट्टी चांगली मिळते. कबुतरांसाठी जाळी देतो.

की प्रसाददादा एसी बसवणार आहे आणि त्यासाठी हे चाललं आहे? तसं असेल आणि काकांच्या मनाविरुद्ध होत असेल, तर मी पुण्याला फोन करून त्याच्याशी बोलू का? माझं लहान तोंड आहे, पण बोलेन.

तुमचा,
विश्वजित


कामोठे,
१६ डिसेंबर २०२४

विश्वजित,

प्रसादशी काहीएक बोलू नकोस. तुला शपथ आहे.

सांगितलं तेवढंच कर. दोन्ही खिडक्या फिक्स. यांना त्यातलं काही विचारू नकोस आणि यांनी काही सांगितलं तर हो म्हणून सोडून दे.

काकू


रबाळे,
३१ डिसेंबर २०२४

काकू, नमस्कार.

तुमचं पत्र आल्यापासून मी तुमचं काही दुखावलं का, हाच विचार चालला होता. म्हणून परवाच्या रविवारी काम करताना तुमच्याकडे नीट बघताही आलं नाही. दोन्ही खिडक्या लागल्या आहेत. कडेच्या सिलिकॉनला दोन दिवस ओला फडका लावू नका.

एक गोष्ट तुम्हाला न विचारता केली आहे. ती आता सांगतो, म्हणजे नंतर कळून वाईट वाटायला नको.

तुम्ही थोडा वेळ शर्मिलाताईंकडे गेला होतात. तेव्हा काका बेडरूममध्ये माझ्या मागे येऊन उभे राहिले. काचेवर तळहात ठेवून म्हणाले, "शटर कुठे आहे?" मी म्हणालो, सगळं फिक्स आहे. "मग बाहेरचं सिलिकॉन कोण भरणार?" मी म्हणालो, बाहेर परांची आहे, तिथून भरतो. तर म्हणाले, "आणि परांचीवर जाणार कुठून?"

माझी परीक्षा घेत होते, अगदी पूर्वी घ्यायचे तशी. मला गप्प राहवलं नाही. खरं म्हणजे मी आधीपासूनच बेडरूमच्या फ्रेमला डावीकडे एक अरुंद शटर करून आणलं होतं. बंद असताना ते फिक्ससारखंच दिसतं. हँडल काढून ठेवलं की कोणाला कळणारही नाही. तुम्हाला धूळ नको, ते बरोबर आहे. रोज बंदच ठेवा. पण कधी घुसमटल्यासारखं झालं तर एक तरी उघडतं असावं.

हँडल मी काकांच्या हातात दिलं. त्यांनी ते शर्टच्या खिशात टाकलं, वरून हात ठेवला आणि हसले. किती दिवसांनी हसताना बघितलं त्यांना.

तुमचं ऐकलं नाही, त्याबद्दल माफ करा. नव्या वर्षाच्या शुभेच्छा.

विश्वजित


कामोठे,
९ जानेवारी २०२५

विश्वजित,

हे पत्र मी शर्मिलाताईंच्या घरी बसून लिहिते आहे. त्या वर यांच्याजवळ बसल्या आहेत. रागाने लिहिते आहे असं समजू नकोस. चूक माझी आहे. तुला खरं सांगितलं असतं तर तू असं केलं नसतंस.

मंगळवारी दुपारी मी भांडी घासत होते. हॉलमध्ये हे दिसले नाहीत. बेडरूममध्ये गेले तर तुझं ते शटर सताड उघडं आणि हँडल त्याला लावलेलं. हे बाहेर परांचीवर होते. अनवाणी. बांबूवर बसून अंगठ्याने काचेची कड चाचपत होते. रंगाऱ्याचा माणूस त्यांना म्हणत होता, "बाबा, हाथ दो, अंदर चलो." हे त्यालाच सांगत होते, "इथे नीट भरलेलं नाही. पाणी येईल." दोघा-तिघांनी धरून यांना त्याच खिडकीतून आत दिलं. हे घाबरले नव्हते. काम अर्धं राहिलं म्हणून चिडले होते.

हे पहिल्यांदा झालेलं नाही. गेल्या वर्षी सरकती काच उघडून एक पाय बाहेर टाकला होता. मी बघितलं म्हणून निभावलं. बाहेरून ग्रिल लावायला सोसायटी परवानगी देत नाही. आतून लावलं, तर त्याचे स्क्रू यांनी सुरीच्या टोकाने काढले. पुन्हा घट्ट करून घेतलं. मग ग्रिलला धरून समोरच्या बिल्डिंगकडे बघत, "परांची पुढे घ्या, माणूस लोंबकळतोय," असं ओरडायला लागले. लोक गॅलरीत जमले. कमिटीने प्रसादला फोन केला. त्याने येऊन ग्रिल काढून टाकलं आणि मला सांगून गेला, "आई, आता आणखी एकदा असं झालं तर मी तुझं ऐकणार नाही." त्याने एक ठिकाण बघून ठेवलं आहे. मीही जाऊन आले. वाईट नाही, स्वच्छ आहे. पण तिथे खोलीला बाहेरून कडी लावतात. प्रसादही वाईट नाही. त्याला बाप जिवंत हवा आहे.

डॉक्टर म्हणतात, विसर वाढत जाणार. माझं नाव दिवसभरात कधी आठवतं, कधी नाही. जेवलो की नाही हे आठवत नाही. चार माणसांत मात्र छान बोलतात, त्यामुळे तुला कळलं नाही, कोणालाच कळत नाही. आणि खिडकीबाहेर परांची असते, हे विसरत नाहीत. जन्मभर ज्या ज्या खिडकीतून बाहेर पाऊल टाकलं, तिथे ती होतीच. परवाही होती म्हणून माणूस हाती लागला. महिना-दीड महिन्यात ती उतरेल. मग हे कशावर पाय ठेवतील?

तुला का सांगितलं नाही, तेही सांगते. त्यांच्याकडे मिस्त्री म्हणून बघणारा तू एकटाच उरला आहेस. तेवढं तरी राहावं असं वाटलं.

ते शटर बंद कर. लवकर ये.

काकू


रबाळे,
१३ जानेवारी २०२५

काकू,

काल येऊन शटर बंद केलं. स्क्रू मारले आणि त्यांची डोकी घासून टाकली. आता स्क्रूड्रायव्हर पकडणार नाही. मी तीनदा ओढून बघितलं. घरी आल्यावर पुन्हा शंका आली, म्हणून फोनमधले फोटो मोठे करून बघितले. पक्कं आहे.

दारात तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात, तेव्हा मी वाकून हत्यारं पिशवीत भरत राहिलो.

हँडल काकांकडे मागायची मला भीती वाटत होती. त्यांनी स्वतःच खिशातून काढून दिलं. म्हणाले, "ढिलं झालंय का?" मी हो म्हणालो. म्हणाले, "तेल घाल आणि आणून दे."

मी आणून देतो म्हणालो.

विश्वजित


कामोठे,
२० जानेवारी २०२५

विश्वजित,

काल दुपारी मी गच्चीवर पापड वाळत घालायला गेले. पाच-दहा मिनिटं, जास्त नाही. दाराला बाहेरून कुलूप लावलं होतं. खिडक्या बंद आहेत, आता काय होणार, असं वाटलं. रंगारी जेवायला खाली गेले होते.

यांनी भाजीच्या चमच्याचा दांडा घेतला आणि बेडरूमच्या काचेभोवतीची ती बारीक पट्टी, तुम्ही बीडिंग म्हणता ती, एका टोकाने उचकटून चारही बाजूंची काढली. मग काच काढली. उघडू नये म्हणून तू शटरला स्क्रू मारलेस, त्याचीच काच. खाली ठेवताना आधी गोधडी अंथरली होती. काच तिच्यावर तिरपी, भिंतीला टेकवून. एक टवका उडाला नाही.

शर्मिलाताई वर येऊन बेल वाजवत होत्या. दाराचं कुलूप बघून जाणार होत्या, तेवढ्यात आतून आवाज आला, "थांबा, उघडतो." त्या मला बोलवायला गच्चीवर धावल्या. मी आत आले तर हे दाराशी उभे होते, हातात चमचा. चौकटीवर चढायच्या बेतात असताना बेल वाजली म्हणून मागे वळले होते. शर्मिलाताई तुझंच पत्र द्यायला आल्या होत्या, शटर पक्कं आहे असं सांगणारं.

मी त्या मोकळ्या चौकटीवर पलंगाची फळी बांधली आहे. पापड तसेच राहिले, कबुतरांनी खाल्ले.

प्रसाद शनिवारी फोनवर विचारत होता, बाबा कसे आहेत. म्हटलं, मजेत.

विश्वजित, त्यांना उघडता येणार नाही असं काही तुमच्या कामात असतं का? की सगळंच त्यांना येतं?

काकू


रबाळे,
२५ जानेवारी २०२५

काकू, नमस्कार.

तुमचा प्रश्न मी दोन-तीन दिवस डोक्यात घेऊन फिरतो आहे. सानपाड्याच्या साइटवर काचा चढवताना एकेक गोष्ट बघत होतो आणि मनात म्हणत होतो, हे काकांना उघडता येईल, हेही येईल. स्क्रू, कुलूप, खटका, सगळं.

एकच उपाय सापडला. आम्ही काच फ्रेममध्ये ठेवतो आणि मग बीडिंग ठोकून ती दाबतो. हे बीडिंग नेहमी घराच्या आतल्या बाजूला असतं. बाहेरच्या माणसाला ते काढता येऊ नये आणि काच फुटली तर घरातूनच बदलता यावी, म्हणून. मी फ्रेम उलटी बसवतो. बीडिंग बाहेर. आतल्या बाजूला नुसती सपाट कड राहील. उचकटायला काही सापडणारच नाही. असं कोणी करत नाही, पण करता येतं. मात्र बीडिंग बाहेरून ठोकायचं, म्हणजे परांची आहे तोवरच हे होईल. एकदा परांची उतरली की ती काच आम्हालाही काढता येणार नाही. म्हणून दोन काचांमध्ये चिकट थर असलेली जाड काच घालतो, ती तडकली तरी पडत नाही.

एकट्याला हे झेपणार नाही, म्हणून इद्रीसला सांगावं लागलं. श्रीवर्धनकडचा, तुम्ही त्याला बघितलं आहे. काकांच्या हाताखालीच तयार झालेला. मी फक्त काम सांगितलं, घर कोणाचं ते नाही. तो हसायलाच लागला.

"येड्या, बीडिंग भायेर? चोराला आवतान देतोस काय?"

"सातव्या मजल्यावर कुठला चोर येतो?"

"मग कुनासाठी एवढी उलटी कामं चाललीत?"

मग मला सांगावंच लागलं. त्याने हातातली रबराची पट्टी गुंडाळून ठेवली. म्हणाला, "जयप्रकाश मिस्त्रीच्या घरात उलटी फ्रेम. शुद्धीवर असते तर दोघांना परांचीवरून ढकललं असतं." नंतर म्हणाला, "कधी जायचं सांग. मी सुट्टी टाकतो." तो कोणाला बोलणार नाही.

तुमची हरकत नसेल तर शर्मिलाताईंच्या फोनवरून मला एक मिस्ड कॉल द्या. २ तारखेच्या रविवारी येतो.

विश्वजित


रबाळे,
४ फेब्रुवारी २०२५

काकू, नमस्कार.

रविवारी घरातून काय दिसलं ते तुम्हाला माहीत आहे. बाहेरून काय दिसलं ते लिहितो, कारण ते मला कोणाला तरी सांगायचं आहे.

हॉलची जुनी फ्रेम काढून उलटी फ्रेम उभी केली, तेव्हा मध्ये काच नव्हती. तुम्ही काकांचा दंड धरून उभ्या होतात. आम्ही जिन्याच्या खिडकीतून परांचीवर आलो. काकांनी इद्रीसला बघितलं आणि नावाने हाक मारली. दोन वर्षांनी बघत होते त्याला.

"इद्रीस, डाव्या कोपऱ्याला पॅकिंग कमी आहे."

इद्रीस म्हणाला, "मिस्त्री, तुमी आरामात बसा ना."

"तू आरामात असतोस म्हणून तर माझं बसणं होत नाही."

मी लेव्हल लावून बघितली. डावा कोपरा खरंच खाली होता. इद्रीसने जीभ चावली. तुम्ही हसलात, तेही मी बघितलं.

मग आम्ही काच चढवली. ती जागेवर बसली तसा काकांचा आवाज बंद झाला. ओठ हलत होते, पण ऐकू काही येत नव्हतं. मी बीडिंग ठोकायला घेतलं. काका तुमचा हात सोडवून अगदी जवळ आले. माझा हात जाईल तिकडे त्यांची नजर जात होती. एक बाजू झाली, दुसरी झाली. त्यांनी आतून फ्रेमच्या कडेवर अंगठा ठेवला आणि चारही बाजूंनी फिरवला. पुन्हा फिरवला. मग माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. एका हाताने भिंत धरली आणि दुसऱ्या हाताने मला खुणा करायला लागले, धर, घट्ट धर, अशा. मी कमरेचा पट्टा आणि दोर दाखवला, म्हटलं बांधलेला आहे काका. तरी ते खुणा करतच होते. त्यांना घाम आला होता.

इद्रीस म्हणाला, "बघ, मिस्त्रीला आजून आपली काळजी हाय."

मला तेव्हा रडू आलं. खाली उतरेपर्यंत कोणाला दिसू दिलं नाही.

बेडरूमच्या वेळी तुम्ही त्यांना शर्मिलाताईंकडे नेलंत, ते बरं केलंत. दोन्ही खिडक्या आता पक्क्या आहेत. आत उचकटायला काही नाही. मी अंगठा फिरवून बघितलं.

विश्वजित


कामोठे,
२१ फेब्रुवारी २०२५

विश्वजित,

परांची उतरली. हे जिवंत आहेत, घरात आहेत. प्रसाद गेल्या आठवड्यात येऊन राहून गेला. काचा बघून, हलवून, समाधानाने गेला. त्या ठिकाणाचं नाव त्याने काढलं नाही. हे तुझ्यामुळे आणि इद्रीसमुळे झालं, ते आधी लिहिते. पुढचं वाचताना ते विसरू नकोस.

त्या दिवशी ते तुम्हाला सांभाळायला सांगत नव्हते. त्यांना वाटलं, आपण पडतो आहोत.

दुसऱ्या दिवसापासून हे भिंत धरून चालायला लागले. हॉलमधून जायचं तर कपाट धरायचं, मग टीव्हीचं टेबल, मग दाराची चौकट. मध्ये मोकळी फरशी आली की थांबतात. खाली बघत नाहीत. मला वाटलं, पायातली ताकद गेली. डॉक्टरांनी तपासलं, पाय ठीक आहेत.

मग मी लक्ष ठेवलं. हे काचेशी जातात, कडेवर अंगठा फिरवतात, खालून, वरून. परवा मी विचारलं, काय शोधताय? म्हणाले, "बीडिंग नाही." मी म्हटलं, नसू दे. तर माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मला एवढंही कळत नाही. म्हणाले, "बीडिंग पलीकडे आहे. पलीकडे घर आहे. आपण बाहेर राहिलोय." आणि माझा हात धरून मला भिंतीकडे ओढलं. "कड धर. बाहेरून बंद करून गेलेत सगळे."

मी किती समजावलं. हा आपला हॉल, हा पंखा, हे देव. हे ऐकतात, मान हलवतात आणि अंगठा कडेवर ठेवतात. अंगठ्यापुढे माझं काही चालत नाही.

जन्मभर उंचीवर काम केलं, कधी भीती हा शब्द काढला नाही. आता आपल्याच हॉलमध्ये उभं राहून थरथरतात. काचेवर टकटक करतात, आतल्या माणसाने उघडावं म्हणून. समोर नुसतं आभाळ.

तुला दोष देत नाही. दुसरं कोणाला सांगणार?

काकू


रबाळे,
२५ फेब्रुवारी २०२५

काकू,

तुमचं पत्र वाचल्यापासून मला जेवण गेलेलं नाही. मी फक्त उघडता येऊ नये एवढाच विचार केला. अंगठा काय सांगेल, याचा विचार केला नाही. खरं तर तो मलाच आधी सुचायला हवा होता. मीसुद्धा नव्या साइटवर गेलो की आधी कडेला हातच लावतो.

एक उपाय आहे. आतल्या सपाट कडेवर मी खोटं बीडिंग लावतो. हुबेहूब तसंच, पट्टीचा तोच सेक्शन, तोच रंग. त्याने काच धरलेली नसेल, ती बाहेरच्या खऱ्या बीडिंगने धरलेली राहील. काकांनी अंगठा फिरवला की बीडिंग लागेल, आपण घरात आहोत हे कळेल, भीती जाईल. त्यांनी ते उचकटलं तरी काच हलणार नाही. पुन्हा लावता येईल. दिवसभर काढत-लावत बसले तरी चालेल.

दोन तासांचं काम आहे. सेक्शन कापून ठेवला आहे. तुम्ही हो म्हणालात की येतो. यावेळी तुम्हाला विचारल्याशिवाय काही करणार नाही.

विश्वजित


कामोठे,
४ मार्च २०२५

विश्वजित,

आधी जेव. मग पुढचं वाच.

तुझं पत्र वाचून मला वाटलं होतं, आत्ताच तुला मिस्ड कॉल द्यावा. मग दोन-तीन दिवस थांबले. त्याचं कारण सांगते.

गेल्या बुधवारी संध्याकाळी यांची टकटक थांबेना. कपाळावर घाम, हात गार. म्हणत होते, "अंधार पडेल. कोणी आत घेत नाही." मला सुचेना. मी म्हटलं, चला, मला वाट माहीत आहे. त्यांचा हात धरला आणि भिंतीच्या कडेकडेने, त्यांच्या चालीने, दारापर्यंत नेलं. दार उघडलं. बाहेर जिन्याजवळ गेलो आणि तिथून वळलो. मी पुढे होऊन उंबऱ्याच्या आत उभी राहिले आणि म्हटलं, "आलात? या, आत या."

यांनी चपला काढल्या. आत आले. आणि विश्वजित, हे मोकळ्या फरशीवरून चालत गेले. काही न धरता. मोरीत पाय धुतले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "दमलो गं, अरुणा. आज फार वाऱ्याचं काम होतं." मी चहा दिला. यांनी गावाकडच्या माणसांच्या आठवणी काढल्या, तुझी चौकशी केली, म्हणाले पोरगं हाताने चांगलं आहे. तासभर हे माझ्या घरात होते. पूर्ण.

मग उठून खिडकीशी गेले, अंगठा फिरवला, आणि पुन्हा बाहेर गेले.

तेव्हापासून मी रोज त्यांना घरी आणते. कधी दोनदा, कधी चारदा. शर्मिलाताई जिन्यात भेटल्या तर त्याही म्हणतात, "आलात का कामावरून?" हे त्यांना मानेने हो म्हणतात.

तू खोटं बीडिंग लावलंस तर यांना कळेल, आपण आत आहोत. भीती जाईल, हे खरं. पण मग ते काय मागतील, हे मला माहीत आहे. पुन्हा शटर मागतील. परांची मागतील. तू दिलेलं हँडल मागतील, अजूनही मधूनच खिसा चाचपतात. बाहेर जायचं म्हणाले तर न्यायला माझ्याकडे काही नाही. आत घ्या म्हणतात, तेवढं मला जमतं. त्यांना दिवसभर भीती वाटते, ते मला दिसतं. मी त्यांची बायको आहे, मला ते बघवत नाही. तरी तू येऊ नकोस, म्हणजे बीडिंग घेऊन येऊ नकोस. नुसता ये, जेवायला. यांनी विचारलं साइट कुठली, तर सांग, जितक्यांदा विचारतील तितक्यांदा.

पुढे पाय थकतील, दारापर्यंतही जाता येणार नाही. तेव्हा काय करायचं ते मला आज माहीत नाही.

आणखी लिहिणार होते, पण आत्ता हे काचेवर वाजवायला लागले आहेत. पत्र इथेच थांबवते. त्यांना घरात घ्यायचं आहे.

काकू